चाळीस कोटी डॉलर आणि ग्रीसची लोकशाही

२० फेब्रुवारी १९४७ ही तारीख आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत हमखास सापडते. त्या दिवशी ब्रिटिश पंतप्रधान क्लेमेंट ॲटली यांनी संसदेत जाहीर केले, की जून १९४८ पूर्वी ब्रिटन हिंदुस्थानातील सत्ता सोडेल आणि वेव्हेल यांच्या जागी माउंटबॅटन व्हाइसरॉय म्हणून जातील. तिथून आपले लक्ष सरळ दिल्लीकडे वळते आणि ते साहजिकही आहे. पण दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, वॉशिंग्टनमधल्या ब्रिटिश वकिलातीने अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे दोन टिपणे पोहोचवली. परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल आठवड्याची सुट्टी धरून बाहेरगावी निघून गेले होते. म्हणून वकिलातीच्या एका सचिवाने टिपणांच्या प्रती लॉय हेंडरसन या अधिकाऱ्याच्या हाती ठेवल्या. एक टिपण ग्रीसविषयी होते, दुसरे तुर्कस्तानविषयी. मजकूर थोडक्यात असा, की ३१ मार्चनंतर या दोन देशांना पैसा पुरवणे ब्रिटनला शक्य नाही. अमेरिकेला जमत असेल तर तिने तो भार घ्यावा.

दिल्लीसंबंधीची घोषणा आणि अथेन्ससंबंधीची टिपणे यांच्यामागे मोठे कारण एकच होते. ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली होती. त्या वर्षीचा हिवाळा तिथे भयंकर गेला. बर्फामुळे कोळशाच्या गाड्या अडकल्या, वीज तोडावी लागली, कारखाने बंद पडून लाखो कामगार घरी बसले. पॅलेस्टाइनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपवत असल्याचेही ब्रिटनने त्याच आठवड्यात जाहीर केले होते. दीडशे वर्षे भूमध्य समुद्रापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला डोलारा एका आठवड्यात तीन ठिकाणी खचला. हिंदुस्थानात त्याची जागा घ्यायला स्वातंत्र्याची चळवळ उभी होती. ग्रीसमध्ये ती जागा घेतली अमेरिकी डॉलरने.

परक्या देशातली लोकशाही पैशाने राखता येते, ही कल्पना शांततेच्या काळातले राष्ट्रीय धोरण म्हणून पहिल्यांदा ग्रीसमध्ये आजमावली गेली. युरोपच्या पुनर्उभारणीसाठीची मार्शल योजना त्यानंतरची. म्हणून त्या प्रयोगाचे काय झाले, हे मुळापासून पाहायला हवे.

ग्रीस तेव्हा कोणत्या अवस्थेत होता? जेमतेम पाऊण कोटी वस्तीचा, डोंगराळ, गरीब देश. १९४१ च्या वसंतात जर्मनीने तो जिंकला आणि इटली व बल्गेरिया यांच्यासह वाटून घेतला. पहिल्याच हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे उपाशी मरून पडू लागली. ऑक्सफॅम ही आज जगभर काम करणारी संस्था १९४२ मध्ये ऑक्सफर्ड शहरात स्थापन झाली, ती या ग्रीक दुष्काळासाठी. डोंगरांत प्रतिकार उभा राहिला तेव्हा जर्मनांनी गावेच्या गावे जाळली. १० जून १९४४ रोजी दिस्तोमो या एका गावात त्यांनी दोनशेहून अधिक माणसे मारली. त्यांत तान्ही मुलेही होती. जर्मन माघारी गेले तेव्हा पूल उडवलेले, बंदरे बुजवलेली, कोरिंथचा कालवा अडवलेला. द्राख्मा या चलनाची किंमत इतकी घसरली होती, की नोव्हेंबर १९४४ मध्ये सरकारने ५० अब्ज जुन्या द्राख्मांना एक नवा द्राख्मा असा दर ठरवला. लोकांचा कागदी पैशावरचा विश्वास उडाला तो उडालाच. घर विकायचे तर सोन्याच्या ब्रिटिश गिन्न्यांत, हुंडा द्यायचा तर गिन्न्यांत.

प्रतिकाराचे नेतृत्व प्रामुख्याने कम्युनिस्टांच्या हाती होते. त्यांच्या आघाडीने डोंगराळ भागात आपला कारभारही चालवला होता, आणि विरोधकांना निष्ठुरपणे संपवलेही होते. दुसरीकडे जर्मनांच्या बाजूने शस्त्र धरलेले सुरक्षा पलटणींमधले ग्रीक होते. डिसेंबर १९४४ मध्ये राजधानीतच युद्ध पेटले. ब्रिटिश सैन्य कम्युनिस्टांविरुद्ध उतरले आणि त्यात आपली चौथी भारतीय डिव्हिजनही होती. गुरखा सैनिक पिरेउसच्या गोदीत ग्रीकांशी लढले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाचे जवान दुसऱ्या देशाचे सरकार कोणाचे असावे यासाठी लढत होते, हे वाचताना आजही बेचैन व्हायला होते.

फेब्रुवारी १९४५ मध्ये व्हार्किझा येथे समझोता झाला आणि बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवली. पुढे जे घडले त्याला आंधळा सूड हेच नाव शोभते. उजव्या टोळ्यांनी खेडोपाडी प्रतिकारातल्या लोकांना झोडपले, मारले, आणि पोलिसांनी डोळेझाक केली. जर्मनांशी सहकार्य केलेले अनेक जण नव्या फौजेत आणि पोलिसांत सुखाने स्थिरावले. मार्च १९४६ च्या निवडणुकीवर डाव्यांनी बहिष्कार टाकला. माझ्या मते ती त्यांची घोडचूक होती, कारण संसदेतली जागा सोडल्यावर त्यांच्यापुढे डोंगरच उरला. सप्टेंबरात सार्वमत होऊन राजे जॉर्ज परत आले. त्याच सुमारास मार्कोस वाफियादिस यांच्या नेतृत्वाखाली बंडखोर फौज उभी राहू लागली. तिला आसरा, प्रशिक्षण आणि शस्त्रे युगोस्लाव्हिया, अल्बेनिया व बल्गेरिया या शेजारी देशांतून मिळत.

हा सगळा गुंता त्या दोन टिपणांसोबत वॉशिंग्टनच्या टेबलावर आला.

राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्यापुढची अडचण घरातली होती. नोव्हेंबर १९४६ च्या निवडणुकीत काँग्रेसची दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यात गेली होती, आणि त्या पक्षाने खर्च व कर कमी करण्याचे वचन देऊन मते मिळवली होती. २७ फेब्रुवारीला ट्रूमन यांनी दोन्ही पक्षांच्या नेत्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. मार्शल यांनी नेहमीच्या कोरड्या पद्धतीने परिस्थिती मांडली. ती ऐकून खासदार खर्चाचेच प्रश्न विचारू लागले: ब्रिटनची उसनवारी आपण का फेडायची? तेव्हा उपमंत्री डीन ॲचिसन यांनी बोलण्याची परवानगी मागितली. पिंपातले एक सफरचंद नासले की शेजारची नासतात, असा दाखला त्यांनी दिला. आपण आंब्याच्या अढीबद्दल हेच म्हणतो. ग्रीस गेला तर इराण, तुर्कस्तान, इजिप्त, इटली, फ्रान्स असा तो रोग पसरत जाईल. खोलीत शांतता पसरली. परराष्ट्र समितीचे अध्यक्ष, मिशिगनचे सिनेटर आर्थर व्हॅन्डेनबर्ग म्हणाले, की राष्ट्राध्यक्ष हेच काँग्रेसपुढे आणि जनतेपुढे बोलणार असतील, तर आपण पाठिंबा देऊ.

प्रयोगाची दिशा त्या खोलीतच ठरली असे मला वाटते. ग्रीसला धान्य, रस्ते, इंजिने हवी होती. पण ‘रस्ते बांधायला पैसे द्या’ म्हटल्यावर काँग्रेस पैसे देणार नव्हती. ‘जगात दोन जीवनपद्धतींचा झगडा चालू आहे’ म्हटल्यावर देणार होती. मदत मंजूर करून घेण्यासाठी जी भाषा वापरावी लागली, तीच पुढे मदतीला हाकू लागली.

मदतीची विनंती ग्रीस सरकारनेच केली, असे कागदोपत्री दिसणे आवश्यक होते. ती विनंतीही परराष्ट्र खात्यातच लिहून काढली गेली आणि ग्रीक वकिलातीच्या हाती देण्यात आली. मार्चच्या सुरुवातीला ती रीतसर परत आली.

१२ मार्च १९४७ रोजी ट्रूमन काँग्रेसच्या संयुक्त बैठकीपुढे उभे राहिले. त्यांनी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले. ग्रीसमध्ये हजाराहून अधिक गावे जळाली आहेत, तिथली ८५ टक्के मुले क्षयाने ग्रासली आहेत, गुरेढोरे जवळजवळ नाहीशी झाली आहेत, असे त्यांनी सांगितले. ग्रीस सरकार निर्दोष नाही हेही त्यांनी मान्य केले. मग ते मूळ मुद्द्यावर आले: सशस्त्र अल्पसंख्याकांच्या किंवा बाहेरच्या दडपणाला तोंड देणाऱ्या स्वतंत्र जनतेला साहाय्य करणे हे अमेरिकेचे धोरण असले पाहिजे. शेवटी व्यापाऱ्याला पटेल असा हिशेब मांडला. महायुद्ध जिंकायला देशाने ३४१ अब्ज डॉलर घातले; ही मागणी त्या गुंतवणुकीच्या एक दशांश टक्क्याहून थोडीशीच जास्त आहे.

मार्शल तेव्हा मॉस्कोच्या परिषदेला निघाले होते. वाटेत भाषणाचा मसुदा वाचून त्यांना भाषा जरा भडक वाटली. सोव्हिएत धोरणाचे जाणकार म्हणून ज्यांचा शब्द मानला जाई ते जॉर्ज केनन यांनीही आक्षेप घेतला. ग्रीसला मदत द्यावी हे त्यांना मान्य होते. जगातल्या कुठल्याही देशाला देता येईल असा कोरा धनादेश लिहू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दोघांच्याही सांगण्याचा उपयोग झाला नाही. सिनेटमध्ये २२ एप्रिलला ६७ विरुद्ध २३ मतांनी विधेयक मंजूर झाले आणि २२ मे रोजी ट्रूमन यांनी त्यावर सही केली. व्हॅन्डेनबर्ग यांच्या आग्रहाने त्यात एक कलम घातले गेले: संयुक्त राष्ट्रांनी सांगितले, किंवा ग्रीसमधल्या बहुमताच्या सरकारने नको म्हटले, तर मदत थांबवायची. ते कलम वापरण्याची वेळ कधी आली नाही, पण ते लिहिले गेले याचे श्रेय द्यायला हवे.

उन्हाळ्यात अमेरिकी मंडळ अथेन्सला पोहोचले. त्याचे प्रमुख नेब्रास्काचे माजी गव्हर्नर ड्वाइट ग्रिसवोल्ड. त्यांच्याआधी वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेचे पॉल पोर्टर हे पाहणी करून गेले होते आणि त्यांना दिसलेले चित्र उद्वेगजनक होते. श्रीमंत जवळजवळ कर भरत नव्हते. शिल्लक परकीय चलन चैनीच्या वस्तू आयात करण्यात उडत होते. कचेऱ्या कारकुनांनी भरल्या होत्या आणि त्यांचे पगार पोटाला पुरत नव्हते. अशा सरकारच्या हाती रोख रक्कम दिली तर ती कुठे जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणून मंडळाने स्वतःलाच कारभारात बसवले. परदेशी व्यापाराचा ताबा अमेरिकी अधिकाऱ्याकडे गेला, चलन समितीतल्या अमेरिकी सदस्याला नकाराधिकार मिळाला, आणि अर्थसंकल्पावरही अमेरिकेची नजर राहिली.

पैसा प्रत्यक्षात कसा फिरत असे? अमेरिकेतून गहू, खत, ट्रक येत. त्यातला बराचसा माल ग्रीसमध्ये द्राख्मांत विकला जाई. ते द्राख्मे वेगळ्या खात्यात जमत आणि अमेरिकी संमतीने रस्ते, घरे, धरणे यांवर खर्च होत. पुढे मार्शल योजनेत हीच पद्धत पश्चिम युरोपभर आणि नंतर अमेरिकी धान्याच्या निमित्ताने आपल्याकडेही आली. रेशनवर मिळालेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना परदेशी मदतीची चव वेगळी सांगायला नको.

या मदतीने केलेले चांगले काम खरे आहे आणि ते कुणी पुसू नये. कोरिंथचा कालवा पुन्हा वाहता झाला. रेल्वे, पूल, बंदरे उभी राहिली. वॉल्टर पॅकार्ड नावाचे अमेरिकी शेतीतज्ज्ञ मंडळाबरोबर ग्रीसला आले. थर्मोपिलीजवळच्या अँथिली गावची जमीन कोकणात जिला आपण खार जमीन म्हणतो तशी, मिठाने मारलेली होती. तिथे भात घेता येईल असे पॅकार्ड यांनी सांगितले, आणि गावकऱ्यांनी पाणी खेळवून, मीठ धुऊन काढून ते पीक घेतले. वर्षानुवर्षे पडीक राहिलेल्या जमिनीवर लोंब्या डोलल्या. त्या गावाने पॅकार्ड यांचा संगमरवरी पुतळा ते हयात असतानाच उभारला.

पण ग्रिसवोल्ड यांच्या मंडळाला पहिल्या काही महिन्यांतच कळून चुकले, की डोंगरात युद्ध चालू असताना खोऱ्यात धरण बांधता येत नाही. १९४७ च्या अखेरीस पुनर्उभारणीसाठी ठेवलेल्या रकमेतला काही भाग लष्कराकडे वळवण्यात आला. फेब्रुवारी १९४८ मध्ये ग्रीक फौजेला सल्ला द्यायला अमेरिकी जनरल जेम्स व्हॅन फ्लीट आले. अमेरिकेतून तोफा आणि विमाने आली, आणि हजारो खेचरेही आली. कारण ग्राम्मोस आणि वित्सी या सीमेवरच्या पर्वतांवर ट्रक चढत नव्हते. सरकारने डोंगरातली खेडी रिकामी करवली, म्हणजे बंडखोरांना भाकरी आणि खबर मिळू नये. जवळपास सात लाख माणसे शहरांच्या कडेला तंबूंत आणि झोपड्यांत येऊन पडली. बंडखोरांनी सक्तीने माणसे भरती केली, आणि वीस हजारांहून अधिक मुले सीमेपलीकडे कम्युनिस्ट देशांत नेली. त्यांतल्या कित्येकांना आईबाप पुन्हा भेटले ते म्हातारपणी, कित्येकांना भेटलेच नाहीत.

अथेन्समधल्या लोकशाहीचे काय चालले होते? डिसेंबर १९४७ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. राज्याविरुद्ध विचार पसरवणे हाही मृत्युदंडापर्यंत नेणारा गुन्हा ठरला. माक्रोनिसोस या ओसाड, पाण्यावाचूनच्या बेटावर संशयित सैनिकांना आणि मग नागरिकांनाही नेऊन मारहाणीने ‘सुधारण्याचे’ काम सुरू झाले. पश्चात्तापाच्या पत्रावर सही केली की सुटका. ती सही मग गावच्या चर्चमध्ये वाचून दाखवायची. नोकरी, परवाना, पासपोर्ट, विद्यापीठातला प्रवेश, सगळ्यासाठी पोलिसांकडून सामाजिक विचारांचा दाखला आणावा लागे, आणि त्यात स्वतःबरोबर भाऊ, वडील, मामा यांचेही विचार तपासले जात. १ मे १९४८ रोजी न्यायमंत्री ख्रिस्तोस लादास यांची एका कम्युनिस्टाने हत्या केली. त्यानंतर तुरुंगात आधीपासून असलेल्या कैद्यांना मोठ्या संख्येने गोळ्या घातल्या गेल्या. परदेशांत ओरड झाली तेव्हा अमेरिकी अधिकाऱ्यांनी ग्रीक सरकारला आवरते घ्यायला सांगितले. पण डॉलर थांबवले नाहीत.

इथे अमेरिकेच्या बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. ग्रिसवोल्ड यांनी उजव्या पक्षाला एकट्याने राज्य करू दिले नाही. त्यांच्या दबावामुळे सप्टेंबर १९४७ मध्ये ऐंशीच्या पुढचे उदारमतवादी नेते थेमिस्टोक्लिस सोफुलिस यांच्या हाताखाली मिश्र सरकार आले. संसद चालू राहिली, विरोधी वर्तमानपत्रे पूर्णपणे बंद झाली नाहीत. उत्तरेच्या सीमेपलीकडे काय घडत होते हे डोळ्यांपुढे होते: बल्गेरियात विरोधी नेते निकोला पेटकोव्ह यांना त्याच सप्टेंबरात फाशी दिले गेले. ग्रीक कम्युनिस्ट जिंकले असते, तर १९५० मध्ये ग्रीसमध्ये मोकळी निवडणूक झाली असती असे मला वाटत नाही. मदतीने ग्रीसचे राज्य वाचवले, यात शंका नाही.

ते वाचवण्यात दुसऱ्या एका माणसाचा वाटा डॉलरइतकाच मोठा होता, आणि तो माणूस कम्युनिस्ट होता. स्टालिन यांनी ऑक्टोबर १९४४ मध्येच चर्चिल यांच्याशी बोलताना ग्रीस ब्रिटनच्या वाट्याला सोडला होता. बंडखोरांनी डिसेंबर १९४७ मध्ये हंगामी सरकार जाहीर केले, तर सोव्हिएत संघासह एकाही देशाने त्याला मान्यता दिली नाही. बंडखोरांना खरा आधार होता तो युगोस्लाव्हियाच्या टिटोंचा. जून १९४८ मध्ये टिटो आणि स्टालिन यांचे फाटले. ग्रीक पक्षाचे नेते निकोस झाखारियादिस यांनी स्टालिन यांची बाजू घेतली, मार्कोस यांना दूर केले आणि गनिमी काव्याऐवजी ठाण मांडून लढण्याचा मार्ग धरला. जुलै १९४९ मध्ये टिटोंनी सीमा बंद केली. ऑगस्टमध्ये आधी वित्सी पडला, मग नव्याने आलेल्या अमेरिकी हेलडायव्हर विमानांच्या बॉम्बवर्षावाखाली ग्राम्मोस पडला. ऑक्टोबरमध्ये बंडखोरांनी लढाई थांबवल्याचे जाहीर केले.

लगेच पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. टिटोंच्या युगोस्लाव्हियात एकाच पक्षाचे राज्य होते आणि विरोधक तुरुंगात होते. १९४९ पासून अमेरिकेने त्यांना कर्ज दिले, दुष्काळ पडल्यावर धान्य दिले, नंतर शस्त्रेही दिली. स्टालिन यांच्याविरुद्ध हे शहाणपणाचे धोरण होते. पण मदतीची कसोटी लोकशाही आहे, असे त्यानंतर म्हणता येत नव्हते.

भारतालाही ही कसोटी त्याच सुमारास अनुभवायला मिळाली. १९५० च्या डिसेंबरात, पिके बुडालेली असताना, आपल्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित यांनी वॉशिंग्टनकडे वीस लाख टन धान्य मागितले. प्रौढ मताधिकारावर पहिली सार्वत्रिक निवडणूक घ्यायला निघालेला हा देश. लोकशाहीला मदत करायची तर याहून योग्य जागा कोणती होती? पण कोरियाच्या युद्धाविषयी नेहरूंचे मत वेगळे होते, आणि अमेरिकी काँग्रेसमध्ये या मागणीवर महिनोन्‌महिने कीस पाडला गेला. शेवटी जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलर मंजूर झाले, ते अनुदान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. ग्रीसच्या वेळी ज्यांनी सफरचंदांचा दाखला दिला होता ते ॲचिसन आता परराष्ट्रमंत्री होते.

अथेन्समध्ये युद्ध संपले तरी मदतीचा हात राज्यघटनेपर्यंत पोहोचत राहिला. मार्शल योजनेतून ग्रीसला सुमारे ७० कोटी डॉलर मिळाले, आणि ते कधीही आखडते घेता येतात हे प्रत्येक पंतप्रधानाला ठाऊक होते. मार्च १९५२ मध्ये अमेरिकी राजदूत जॉन प्युरिफॉय यांनी उघड निवेदन काढले, की येती निवडणूक प्रमाणशीर पद्धतीने न घेता बहुमताच्या पद्धतीने घ्यावी. नाहीतर अमेरिकी मदतीच्या उपयोगावर वाईट परिणाम होईल. ग्रीक सरकारने चरफडत कायदा बदलला. नोव्हेंबरात सेनापती पापागोस यांच्या पक्षाला ४९ टक्के मते आणि ३०० पैकी २४७ जागा मिळाल्या. एका राजदूताने दुसऱ्या देशाचा निवडणूक कायदा पत्रकाने बदलवून घेतला, आणि हे सारे लोकशाहीच्या नावाने चालले होते. हा प्रसंग वाचला तेव्हापासून ‘मदत’ हा शब्द मला सरळ वाचता येत नाही.

फौज मात्र भक्कम झाली होती. संसद, न्यायालये, वर्तमानपत्रे, कामगार संघटना यांच्यावर जितके लक्ष गेले त्याच्या कितीतरी पट लक्ष फौजेवर आणि गुप्तचर खात्यावर गेले. देशातल्या सर्व संस्थांमध्ये जास्तीत जास्त पैसा, उत्तम शिक्षण आणि सर्वांत थोडी जबाबदेही तिच्याकडे होती. २१ एप्रिल १९६७ च्या पहाटे, निवडणूक पाच आठवड्यांवर आली असताना, कर्नल पापादोपुलोस आणि त्यांच्या साथीदारांनी रणगाडे अथेन्सच्या रस्त्यांवर आणले. कम्युनिस्ट उठाव मोडण्यासाठी नाटोच्या चौकटीत जो आराखडा तयार करून ठेवला होता, तोच त्यांनी निवडून आलेल्या लोकांविरुद्ध वापरला. हजारो माणसे एका रात्रीत पकडली गेली, यादी आधीच तयार होती. कर्नलांच्या या कटाने अमेरिकी वकिलातही चकित झाली असे कागदपत्रे सांगतात. पण चकित झाल्यावर तिने काय केले? जड शस्त्रांचा पुरवठा काही काळ रोखला आणि १९७० मध्ये तो पुन्हा चालू केला. १९७१ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष, ग्रीक वंशाचे स्पायरो ॲग्न्यू, अथेन्सला जाऊन हुकूमशहांचे पाहुणे झाले.

ज्या राज्याला वाचवले त्याच्या बंदुका कोणाच्या आज्ञेत राहतील, हा प्रश्न १९४७ मध्ये पुरेसा कोणी विचारलाच नाही. त्याची किंमत ग्रीकांनी सात वर्षे मोजली. नोव्हेंबर १९७३ मध्ये अथेन्सच्या तंत्रविद्यालयातले विद्यार्थी फाटकाला धरून उभे असताना रणगाडा त्या फाटकावर घातला गेला. पुढच्या उन्हाळ्यात सायप्रसमध्ये घडवलेला सत्तापालट अंगलट येऊन कर्नलांची राजवट कोसळली, आणि २४ जुलै १९७४ च्या पहाटे कॉन्स्टंटिनोस कारामान्लिस पॅरिसहून परतून पंतप्रधान झाले. नोव्हेंबर १९९९ मध्ये अथेन्सला आलेल्या राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी मान्य केले, की हुकूमशाहीच्या काळात अमेरिकेने लोकशाहीला पाठिंबा देण्याचे आपले कर्तव्य पाळले नाही. हे बोलायला एका राष्ट्राध्यक्षाला पाव शतक लागले, तरी ते तो बोलला.

अमेरिकेतल्या ग्रीक समाजाने १९६३ मध्ये अथेन्सच्या मध्यभागी ट्रूमन यांचा कांस्याचा पुतळा उभारला. त्याच्यावर रंग फेकला गेला, १९८६ मध्ये बॉम्ब ठेवून तो पाडला गेला, पुन्हा बसवला गेला. मला त्या पुतळ्याबद्दल द्वेष वाटत नाही. ट्रूमन यांनी उपाशी देशासाठी पैसे मागितले होते आणि ते पैसे पोहोचले. पण अँथिलीतला पुतळा गावाने आपणहून उभारला आणि अथेन्समधला बाहेरून आला, यातच सगळा फरक आला.

कारामान्लिस यांनी सत्तेवर आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच सत्तावीस वर्षांची बंदी उठवून कम्युनिस्ट पक्षाला कायदेशीर मान्यता दिली. १७ नोव्हेंबर १९७४ रोजी, विद्यार्थ्यांवर रणगाडा घातल्याला बरोबर एक वर्ष होत असताना, मतदान झाले. कारामान्लिस यांच्या पक्षाला ५४ टक्के मते मिळाली. ज्यांना रोखण्यासाठी ४० कोटी डॉलरांपासून सुरुवात झाली होती, ते कम्युनिस्ट इतर डाव्यांना बरोबर घेऊन लढले. त्यांना साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मते आणि आठ जागा मिळाल्या, आणि ते संसदेत आपल्या जागेवर जाऊन बसले.